ताइस्तोच्या कानातला सूर

मित्रांनो, माझं वय अकरा वर्षं. तुमच्यात हे वय पतंग उडवायचं असेल, पण आमच्या जातीत अकरा वर्षं म्हणजे जख्ख म्हातारपण. मी एक जुना पॅच आहे.

पॅच म्हणजे पँटीच्या गुडघ्यावर लावतात ते ठिगळ नव्हे. संगणकाच्या पडद्यावर एक मोठं कपाट आहे असं समजा. त्यात बरेच खण आहेत आणि प्रत्येक खणाला एकेकच काम. एक खण नाद काढतो. दुसरा तो नाद गाळून घेतो, वरचा खरखरीतपणा काढून टाकतो. तिसरा नुसता चिठ्ठ्या काढत बसतो, आता कोणता सूर येईल आणि त्यानंतर किती वेळ गप्प राहायचं. चौथा खण चिठ्ठीवरचा सूर वाकडातिकडा निघाला तर त्याला ओढून सरळ जागेवर बसवतो. पाचवा सगळ्याला घुमारा देतो. हे खण रंगीत तारांनी एकमेकांना जोडायचे. ती जोडणी म्हणजे मी.

एकदा मला सुरू केलं की कुणी वाजवायला बसावं लागत नाही. मी आपला आपणच वाजत राहतो. एकदा वाजवलं ते मी पुन्हा तसंच वाजवत नाही आणि मला शेवटही नाही. ऐकणारे डोळे मिटून म्हणतात, किती शांत संगीत आहे. पण मित्रांनो, आत मी क्षणभरही शांत नसतो. एक सूर सोडला की दुसरा शोधायचा, तो मिळाला की तिसरा. मला बसायला जागाच नाही. ज्याच्यासाठी मी जन्मलो तोही असाच होता.

त्याचं नाव ताइस्तो. फिनलंडमधल्या कोत्का या बंदराच्या गावात त्याने एकतीस वर्षं कागद गिरणीत काढली. तो ज्या यंत्रावर होता ते एका रस्त्याएवढं लांब होतं आणि त्याच्या आवाजात शेजारच्या माणसाशीही हातवाऱ्यांनी बोलावं लागे. कानावर घालायची जाड कवचं सगळ्यांना दिलेली होती. ताइस्तोही ती घालायचा, पण दिवसातून वीस वेळा डाव्या कानावरचं कवच उचलायचा. कारण त्याचा तो कान गिरणीत नावाजलेला होता. कोणत्या रुळाचं बेअरिंग चार दिवसांनी निकामी होणार आहे, हे तो नुसतं ऐकून सांगायचा. साहेब म्हणायचे, "ताइस्तोला बोलवा, तो ऐकेल." तो यायचा, कवच उचलायचा, ऐकायचा. त्याचं बरोबर निघायचं.

निवृत्त झाल्यावर पहिल्याच आठवड्यात तो सकाळी तीनदा उठून स्वयंपाकघरात गेला. त्याला वाटत होतं, चुलीवरची किटली शिट्टी मारते आहे. किटली थंडगार होती. शिट्टी त्याच्या कानात होती, बारीक, सरळ, न थांबणारी. कानाच्या डॉक्टरने तपासलं आणि सांगितलं की ही जाणारी नाही, सवय करून घ्यायची. सवय कशी करायची ते मात्र सांगितलं नाही.

तेव्हापासून ताइस्तोला घरात बसवेना. तो नळ सोडून ठेवायचा, दोन खोल्यांत दोन रेडिओ लावायचा. स्वच्छ गालिचा पुन्हा झाडायचा, कारण झाडायच्या यंत्राला आवाज असतो. तेही झालं की कोट चढवून धक्क्यावर जायचा आणि क्रेन चालू असेल तिथे उभा राहायचा. त्याची बायको इर्या शाळेच्या स्वयंपाकघरातून निवृत्त झालेली, चर्चच्या गायकवृंदात खालच्या पट्टीत गाणारी, कमी बोलणारी बाई. ती बघत होती. तिला कळत नव्हतं की नवऱ्याला झालंय काय.

खरं दुखणं उन्हाळ्यात उघडं पडलं. कोत्कापासून दोन तासांवर, मांतुहार्यूच्या बाजूला एका तळ्याकाठी इर्याच्या वडिलांनी ओंडक्यांचं एक घर बांधलं होतं. खोली एक, पडवी एक, पाण्याशी वाफेच्या अंघोळीची सौना. इर्याचं अर्धं आयुष्य त्या घराची वाट बघण्यात गेलं होतं, आणि आता कुठे तिथे तीन-तीन महिने राहायची सवड मिळाली होती. तिथे इतकं शांत असतं की तळ्याच्या पलीकडे कुणी वल्हं नावेत ठेवलं तरी ऐकू येतं. लोक त्या शांततेसाठी वर्षभर जीव टाकतात. ताइस्तोला तिथे श्वास घेववेना. शांततेत ती शिट्टी एकटीच उरायची.

इर्या पायरीवर बसून म्हणायची, "ऐक ना जरा. काहीच आवाज नाही."

"तेच तर," ताइस्तो म्हणायचा आणि उठायचा.

दुसऱ्या उन्हाळ्यात तो नावेत जाऊन बसायला लागला. नाव धक्क्याला बांधलेलीच असायची. तो मागचं इंजिन सुरू करायचा आणि कुठेही न जाता तासन्‌तास तिथेच बसून राहायचा. पलीकडच्या काठावरच्या लोकांनी विचारलं, इंजिन बिघडलंय का. इर्याने सांगितलं, नाही, इंजिन चांगलं आहे.

त्यांना एकच मुलगी, साइला. ती हेलसिंकीत नाटकांसाठी ध्वनी बसवायचं काम करायची. त्या नाताळला ती घरी आली तेव्हा तिने पाहिलं की चुलीवर काही नसताना बाबाने धूर ओढणारा पंखा लावून ठेवलाय आणि त्याच्या खाली उभ्याने जेवतोय. तिने आईला काही विचारलं नाही. तिला आवाजाचं कळत होतं. जानेवारीत ती एक वापरलेला लॅपटॉप, दोन जुने स्पीकर आणि एक फुकट मिळणारा संगीताचा प्रोग्राम घेऊन परत आली.

आधी तिने गाणी लावून पाहिली. गाणी संपतात, आणि संपल्याबरोबर शिट्टी दारात उभीच. मग तिने पावसाचा आवाज आणला, चाळीस मिनिटांचा. तिसऱ्या दिवशी ताइस्तोला पाठ झालं होतं की पावसात कुठे एक कावळा ओरडतो. मग तो पाऊस ऐकेना, कावळ्याचीच वाट बघत बसू लागला. तेव्हा साइलाच्या लक्षात आलं की बाबाला असं काहीतरी हवंय जे संपत नाही आणि ज्याची वाटही बघता येत नाही. ती जेवणाच्या टेबलाशी बसली आणि तीन दिवसांत मी आकाराला आलो.

माझा पहिला सूर कसा सापडला ते तुम्हाला सांगतो. साइलाने एक खण घेतला, त्यातून एक बारीक नाद काढला आणि बाबाला म्हणाली, "डोळे मीट. तुझ्या शिट्टीपाशी आलं की थांब म्हण." ती बटण फिरवत गेली. तो म्हणत राहिला, अजून वर, नाही, खाली, थोडं अजून. मग एकदम त्याचा हात टेबलावर आपटला.

"हाच," तो म्हणाला. "आता आतला कुठला आणि बाहेरचा कुठला, तेच कळत नाहीये मला."

आकडा होता सहा हजार एकशे चाळीस. म्हणजे एका सेकंदात तितक्या थरथरी. तेवढ्यात हातात वेलदोड्याच्या पावाचं ताट घेऊन इर्या आतून आली. तिने अर्धा मिनिट तो नाद ऐकला आणि तोंड वाकडं केलं.

"बंद करा गं ते. डोक्यात जातंय."

कुणी बंद केलं नाही. इर्याने नवऱ्याकडे पाहिलं.

"हे असं तुला दिवसभर?"

"हो."

"झोपेतसुद्धा?"

"झोप लागली तर नाही."

इर्या ताट हातात धरूनच खुर्चीवर बसली. नवऱ्याच्या कानात दोन वर्षं काय चाललंय ते तिने त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं.

साइलाने त्या आकड्याचं अर्धं केलं, अर्ध्याचं पुन्हा अर्धं, असं सहा वेळा केलं. शिट्टी उतरत उतरत खाली खर्जात आली. तो माझा पाया झाला. पेटीवर तो सूर तुम्हाला सापडणार नाही, कारण तो काळी तीन आणि पांढरी पाच यांच्या मधोमध कुठेतरी पडतो. जगातली वाद्यं ज्या पट्टीत मिळवतात तिच्याशी माझं जमत नाही. मी ताइस्तोच्या कानाच्या पट्टीत मिळवलेला आहे. माझे सगळे सूर त्या पायावर उभे राहिले आणि सगळ्यांत वरचा सूर म्हणून ताइस्तोची शिट्टी त्यांच्यात येऊन बसली. ती गेली नाही. फक्त ती एकटी राहिली नाही. शिवाय साइलाने तिच्या अगदी शेजारी माझा एक बारीक सूर ठेवला, केसाएवढा, येऊन जाऊन असणारा. तो आला की ताइस्तोला कळायचं नाही, वाजतंय ते कान की स्पीकर. त्या संशयात त्याला विसावा मिळायचा.

साइला परत गेली आणि पुढचं त्याने स्वतः केलं. त्याची बोटं रुळांचे नट फिरवणारी, जाडजूड. माउसवर ती दोनदोन बटणं एकदम दाबायची. एकदा त्याने एक तार चुकून उलटी, जिथून निघाली तिथेच नेऊन जोडली. मी असा काही हंबरलो की स्वयंपाकघरात इर्याच्या हातातून कप पडला. पण कान त्याचाच होता. तो रोज सकाळी कॉफी घेऊन माझ्यासमोर बसायचा, पाच मिनिटं ऐकायचा आणि एखादं बटण केसभर फिरवायचा. दोन वर्षांत त्याने मला असं हळूहळू घडवलं. कागदावर काहीच लिहून ठेवलं नाही. यंत्रावर असतानाही त्याने कधी काही लिहून ठेवलं नव्हतं.

ते माझे सुखाचे दिवस होते. आम्ही तिघं तळ्याकाठी जायला लागलो. खिडकीत स्पीकर, दार उघडं, बाहेर ताइस्तो गळ टाकून बसलेला. पाहुणे येत आणि म्हणत, किती छान, मन कसं शांत होतं. इर्या मात्र माझी तारीफ कधी करत नसे. "झालं का तुझं घूं घूं सुरू?" असं म्हणून ती आत जायची. मला तेव्हा वाटायचं की ही बाई माझं काही ऐकतच नाही.

तिसऱ्या वसंतात साइलाला हेलसिंकीत एका प्रदर्शनासाठी काम मिळालं. बंदरावरच्या रिकाम्या गोदामात लोकांनी जमिनीवर आडवं व्हायचं आणि ऐकायचं, असं काहीतरी. तिने बाबाला विचारलं, तुझा पॅच नेऊ का. ताइस्तो अभिमानाने फुगलाच.

"ने की. तो काय झिजणार आहे?"

मी झिजलो नाही. मी बदललो. तिथे एक बाई कांतेले नावाचं तिकडचं तंतुवाद्य घेऊन माझ्याबरोबर वाजवणार होती. कांतेलेच्या तारा जगाच्या पट्टीत मिळवलेल्या, आणि मी दोन पट्ट्यांच्या फटीत. जमेना. म्हणून साइलाने माझा पाया जरा वर उचलून पांढरी पाचवर नेऊन ठेवला. ताइस्तोने जिथे जिथे केसभर फिरवलं होतं तिथे तिने नीटनेटकं केलं. आणि तो शिट्टीशेजारचा बारीक सूर तिने काढून टाकला.

लोकांनी मला डोक्यावर घेतलं. एका वर्तमानपत्रात दोन ओळी छापून आल्या. माणसं कोट अंगाखाली घेऊन तासतासभर पडून राहायची. मीही भुललो, खोटं कशाला बोलू. गडबडीत साइलाने केलेले बदल जुन्याच नावाने जपून ठेवले. तिचा संगणक आणि ताइस्तोचा लॅपटॉप आतून जोडलेले होते, एकीकडचं आपोआप दुसरीकडे जायचं. जुन्या माझ्यावर नवा मी चढला आणि जुना मी पुसला गेला. मला ते कळलंही नाही. मित्रांनो, माझे आधीचे सूर कसे होते याची मला आठवण नसते. जशी जोडणी असेल तसा मी असतो.

मे महिन्यात तळ्यावरचं घर उघडलं. ताइस्तोने मला लावलं, बसला, दहा मिनिटांनी उठला. पुन्हा बसला. त्याने एकेक तार तपासली. सगळ्या तारा जागच्या जागी होत्या.

"काहीतरी चुकतंय," तो म्हणाला. "की माझा कानच बिघडला आणखी?"

त्याला मुलीचा संशय आला नाही. त्याने दोष स्वतःकडे घेतला. आठवडाभर तो माझ्याशी झटला, बटणं फिरवून फिरवून त्याने मला आणखीच लांब नेलं. माझ्या सुरांमध्ये त्याची शिट्टी आता परक्यासारखी टोचत होती. आणि मी थांबू शकत नव्हतो. मी वाजत होतो आणि माझ्या वाजण्यानेच तो माणूस खोलीत येरझारा घालत होता. जूनच्या सुरुवातीला तो नावेत जाऊन बसला आणि इंजिन सुरू केलं. नाव धक्क्याला बांधलेली होती.

त्याच आठवड्यात त्याने इर्याला सांगितलं की हे घर विकून टाकू. लाहती गावातलं एक जोडपं शनिवारी बघायला येणार होतं, त्याचं बोलणंही झालं होतं. इर्या बटाटे घासत होती. तिने सगळे बटाटे घासून संपवले. मग ती पडवीत गेली आणि साइलाला फोन लावला.

"तू त्या पॅचला काही केलंस का?"

"मी येते," साइला पलीकडून म्हणाली.

गुरुवारी ती बसने आली. तिने लॅपटॉप उघडला आणि ती घामाघूम झाली. जुनी प्रत कुठेच नव्हती. आकडा कुणी लिहिलेला नव्हता. सहा हजार आणि काहीतरी, एवढंच तिला आठवत होतं. तिने बाबाला पुन्हा डोळे मिटायला सांगितलं, पण तो इतका अस्वस्थ होता की त्याला एक जागाच सापडेना. वर म्हणायचा, मग खाली म्हणायचा, मग म्हणाला, "आज तो सगळीकडेच आहे," आणि दार आपटून नावेकडे गेला. खिडकीतून इंजिनाची घरघर आत यायला लागली.

साइला टेबलाशी डोकं धरून बसली. "आई, माझ्याच्याने नाही होणार हे," ती म्हणाली.

इर्या चुलीजवळ उभी होती. तिथे लाकडी भिंतीला टेकून एक मोठं पत्र्याचं ताट ठेवलेलं असे. तिने ताटाच्या मागे हात घातला आणि दुधाच्या खोक्याचा घडी घातलेला तुकडा बाहेर काढला.

"हे दोन वर्षांपूर्वी मी घातलंय इथे," ती म्हणाली. "तो सगळ्यांत खालचा सूर आला की हे ताट भुणभुणायचं. दर वेळी. पुठ्ठा घालूनही थोडं भुणभुणायचंच, वैताग आला होता मला. यंदा एकदाही भुणभुणलं नाही. मला वाटलं, पुठ्ठा काम करतोय."

साइलाने मान वर केली. पुठ्ठा काढला होता. मी वाजत होतो. माझा सगळ्यांत खालचा सूर आला आणि गेला. ताट गप्प होतं.

"बघ," इर्या म्हणाली. "हा तो नाहीच."

तिने हात पुसले आणि आयुष्यात पहिल्यांदा माझ्यासमोर येऊन बसली. साइलाने तिला पायाचं बटण दाखवलं. इर्याने एका बोटाने ते खाली न्यायला सुरुवात केली, शिवणात सुई सरकवावी तितकं सावकाश. पांढरी पाच सुटली. डोळे मिटून ती गळ्यातल्या गळ्यात गुणगुणत होती, तो सूर तिच्याही आत कुठेतरी होता. अजून थोडं खाली. ताट एकदा कुरकुरलं. अजून केसभर. मग ते भिंतीवर असं भुणभुणायला लागलं की शेजारचे चमचेही हलले.

"इथे," इर्या म्हणाली. "आणि या सुरानंतर तो इतका लवकर नाही येत पुन्हा. मी दोन कप कॉफी ओतते, तेवढा थांबतो."

ती सांगत गेली आणि साइला करत गेली. कोणता सूर क्वचित येतो, कोणता जरा घोगरा होता, कुठे घुमारा जास्त. मला वाटत होतं की ही बाई माझं काही ऐकत नाही. तिने दोन वर्षं मला भिंतीआडून ऐकलं होतं, भांडी घासता घासता.

बाहेर इंजिन बंद झालं.

ताइस्तो ओल्या बुटांनी आत आला आणि दारातच उभा राहिला. त्याने खुर्ची ओढली. साइलाने पायाचा आकडा सहा वेळा दुप्पट करून शिट्टीची जागा काढली आणि तो बारीक सूर तिथे परत ठेवला. तो सूर लागताच ताइस्तोचे खांदे खाली आले. आणि साइलाने दोन्ही हात कानांवर दाबले, खुर्ची मागे सारली आणि ती पडवीत निघून गेली.

इर्याला वाटलं, पोर दमली. ताइस्तोला तसं वाटलं नाही. हात कानांवर दाबायची ती तऱ्हा त्याच्या ओळखीची होती. तो तिच्या मागोमाग बाहेर गेला. दार उघडंच होतं, म्हणून मला ऐकू आलं.

"कधीपासून?" त्याने विचारलं.

"काय कधीपासून?"

"साइला."

"मागच्या हिवाळ्यापासून. एका तालमीत स्पीकर फुटल्यासारखा ओरडला, मी अगदी पुढ्यात होते. कानात बोळे घातले नव्हते."

"कुठल्या कानात?"

"दोन्ही." मग ती भडाभडा बोलली. तो बारीक सूर तिने सुबकपणासाठी काढलेला नव्हता. तो तिच्या स्वतःच्या शिट्टीला घासत होता, दोन सुऱ्या एकमेकींवर घासाव्यात तसा, आणि तिला ते सहन होत नव्हतं. तिने कुणालाही सांगितलं नव्हतं. ज्याचे कान शिट्ट्या मारतात त्याला ध्वनीचं काम कोण देणार?

मला वाटलं, आता ताइस्तो डॉक्टरचं नाव काढेल, किंवा सवय होते म्हणेल. त्याने यातलं काही केलं नाही. तो तिच्या शेजारी पायरीवर बसला.

"तुझा सूर कुठला आहे?" त्याने विचारलं.

साइला रडायला लागली. तो तिथेच बसून राहिला. ती बोलेपर्यंत तो उठला नाही, आणि मित्रांनो, त्या माणसाला एका जागी इतका वेळ बसलेलं मी त्याआधी पाहिलं नव्हतं.

शुक्रवारी सकाळी त्याने लाहतीला फोन करून सांगितलं की घर विकायचं नाही, तुम्हाला उगाच त्रास दिला, माफ करा. इर्याने शेपू घालून नवे बटाटे उकडले. मग बापलेक टेबलाशी बसले. आधी त्यांनी माझ्या दोन प्रती करून वेगवेगळ्या जागी ठेवल्या. ताइस्तोने सुताराची पेन्सिल घेतली आणि खिडकीवरच्या ओंडक्यावर माझा आकडा लिहिला. साइलाचा आकडा सापडायला दुपार झाली. तो त्याच्यापेक्षा बराच खाली होता. त्याने तो स्वतःच्या आकड्याखाली लिहिला. त्या आकड्यावर दोन दिवसांत एक नवा पॅच उभा राहिला. मी त्याला कधी भेटलो नाही. तो हेलसिंकीत असतो.

सगळं गोड झालं असं मी म्हणणार नाही. साइलाने नाट्यगृहात खरं सांगितलं आणि एक अख्खा हिवाळा तिला काम मिळालं नाही. आता ती इतरांच्या तालमींत जाऊन आवाज मोजते आणि तरण्या पोरांच्या हातात कानाचे बोळे ठेवते. ती पोरं तिला हसतात. ती समोर उभी राहून त्यांना ते घालायलाच लावते.

माझंही वय झालं. लॅपटॉपची बिजागरी तुटली आहे, पंखा घरघरतो. प्रोग्रामच्या नव्या आवृत्तीत माझे दोन खण उघडत नाहीत, म्हणून मला नव्या संगणकात नेता येत नाही. हा लॅपटॉप जाईल तेव्हा माझं काय होईल, याची मला धाकधूक असते. मागच्या उन्हाळ्यात तर मला चार दिवस कुणी लावलंच नाही. मी अंधारात पडून होतो आणि मनातून चरफडत होतो. पाचव्या दिवशी इर्याने झाकण उघडलं तेव्हा खिडकीतून ताइस्तो दिसला. तो धक्क्यावर गळ टाकून बसला होता. त्याला माझी आठवण आली नव्हती, एवढंच. मला वाईट वाटलं. मग हळूहळू उमगलं की मला ज्या कामासाठी बनवलं ते काम या चार दिवसांत झालं होतं.

म्हणून, मित्रांनो, जाता जाता एक विनवणी. मोठ्या आवाजाजवळ काम असेल, मोठ्या आवाजात नाचायचं असेल, तर कान झाका. कौतुकासाठीसुद्धा उघडे टाकू नका. आवडीच्या गोष्टीत बदल करण्याआधी जुनी प्रत जपून ठेवा. आणि तुमच्या घरात कुणी सारखं उठत असेल, कारण नसताना नळ सोडत असेल, दोन रेडिओ लावत असेल, तर त्याला रागावू नका. जवळ जाऊन बसा आणि काय ऐकू येतं ते विचारा. उत्तर यायला वेळ लागतो. तेवढा वेळ तिथून उठू नका.